डेलावेअरच्या खळाळात स्मॉलमाउथ बास: फ्लाय रॉड पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या ‘फ्लाय’ या खोट्या आमिषाने मासेमारी, शिकायचं म्हटलं की दुकानदारापासून यूट्यूबपर्यंत सगळे ट्राउटकडे बोट दाखवतात. माझं मत वेगळं आहे. तुम्ही न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड किंवा व्हर्जिनियात राहत असाल, तर सुरुवात नदीतल्या स्मॉलमाउथ बासपासून करा. ट्राउटला थंड पाणी लागतं, आणि बारीक दोरा नि त्याहून बारीक फ्लाय वापरूनही तो नवख्याला सहजी दाद देत नाही. स्मॉलमाउथ भरात असतो तो जून ते सप्टेंबर, म्हणजे हाफ पॅंट घालून गुडघाभर पाण्यात उभं राहावंसं वाटतं तेव्हाच. तो भुकेला आणि भांडखोर आहे. फ्लाय जरा वेडीवाकडी पडली तरी तो तेवढ्यावरून पाठ फिरवत नाही. शिवाय एडिसन किंवा प्रिन्स्टनहून निघालात तर साधारण तासाभरात डेलावेअर नदीच्या काठावर पोचता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवखी माणसं पहिला अख्खा उन्हाळा लांब फेकायला शिकण्यात घालवतात. स्मॉलमाउथसाठी तीस-पस्तीस फूट सरळ फेकता आलं की भागतं. खरा वेळ द्यायचा तो पाणी वाचायला. कोकणात लहानपणी खाडीवर किंवा नदीवर गरवायला गेला असाल, तर डोह कुठे, ओढ कुठे, कपार कुठे हे बघायची सवय तुमच्या डोळ्यांना आहेच. तीच इथेही कामाला येते.

मासा ओळखून घ्या

स्मॉलमाउथचा रंग कांस्य धातूसारखा, पिवळट तपकिरी. अंगावर उभे गडद पट्टे आणि डोळा बहुधा लालसर. त्याचा भाऊबंद लार्जमाउथ हिरवट असतो, त्याच्या कुशीवर एक आडवा काळा पट्टा असतो, आणि त्याचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो. लार्जमाउथला संथ पाणी आणि चिखल चालतो. स्मॉलमाउथला खडक, गोटे आणि वाहतं पाणी लागतं.

हा मासा मूळचा पूर्वेकडच्या नद्यांचा नाही. त्याचं घर ग्रेट लेक्स आणि मिसिसिपी-ओहायोचं खोरं. 1854 मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून काही मासे डोंगरापलीकडून आणून पोटोमॅक नदीत सोडले गेले. नंतर सस्क्वेहाना आणि डेलावेअरमध्येही तो आला आणि रुजला.

वाढ मात्र फार सावकाश. उत्तरेकडच्या नद्यांत बारा इंच व्हायला त्याला चार-पाच वर्षं लागतात, आणि वीस इंची मासा दहा वर्षांपुढचा असू शकतो. हे लक्षात असलं की मासा हातात आल्यावर कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

परवाना आणि हंगाम

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेकांना परवाना लागतो. तो राज्याच्या संकेतस्थळावर मिळतो. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्या मधून वाहणाऱ्या डेलावेअरवर दोन्हीपैकी कुठल्याही एका राज्याचा परवाना चालतो, म्हणून सुरुवातीला ही नदी सोयीची.

साधारण मध्य एप्रिल ते मध्य जून हा बासच्या विणीचा काळ. डेलावेअरवर तेव्हा पकडलेला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहानाच्या सनबरी गावापासून खालच्या मोठ्या पट्ट्यात तर तो वर्षभर सोडावाच लागतो. 2005 पासून तिथे उन्हाळ्यात लहान बास रोगाने मरू लागले, त्यानंतर हे कडक नियम आले. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या वर्षीचं नियमांचं पत्रक वाचा.

पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटला, म्हणजे सोळा-अठरा सेल्सिअसला आलं की नर गोट्यांत घरटं करतो आणि अंड्यांवर राखण बसतो. काठालगतच्या उथळ पाण्यात ताटाएवढा स्वच्छ केलेला गोल आणि त्यावर घिरट्या घालणारा मासा दिसला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला बाजूला काढलं की मिनिटाभरात बारके मासे अंडी फस्त करतात. माझा आग्रह आहे की पहिला हंगाम जूनच्या उत्तरार्धातच सुरू करा.

सामान

नऊ फुटी, सहा किंवा सात वेटचा रॉड घ्या (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन फेकायला बनवलाय त्याचा आकडा). ट्राउटवाल्यांचा पाच वेटचा रॉड कुणी उसना देत असेल तर छोट्या फ्लायना चालेल, पण वजनदार फ्लाय आणि वारा असला की हात दुखतो. रॉड, रीळ आणि लाइन एकत्र असलेला संच दीडशे ते अडीचशे डॉलरमध्ये बरा मिळतो. रीळवर जास्त पैसे घालू नका. इथे तिचं काम मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवण्याचं. पैसे वाचवायचे असतील तर रॉडवर वाचवा, लाइनवर नको. वेट-फॉरवर्ड, तरंगणारी लाइन हवी. तिचा पुढचा भाग जाड आणि जड असतो, आणि फ्लाय पुढे नेतो तो त्याच लाइनचा भार.

लाइनच्या टोकाला साडेसात ते नऊ फुटी निमुळता लीडर, म्हणजे पारदर्शक दोरा, आणि त्याला दोन फूट टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा दोरा, आठ ते बारा पौंड ताण सोसणारं. यापेक्षा बारीक नको, कारण खडकांना घासून तुटतं. फ्लाय बांधायला नॉन-स्लिप लूप नॉट शिका. त्यात फ्लाय सैल फाशात मोकळी हलते. लीडरला टिपेट जोडायला सर्जन्स नॉट. दोन्ही घरी टीव्हीसमोर बसून न बघता बांधता येईपर्यंत करा. दोरा ओढून घट्ट करण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाने ती कमजोर होते.

पोलराइज्ड गॉगल हवाच. तो नसेल तर पाण्यावरच्या चकाकीखाली काय आहे ते दिसत नाही, आणि पाठीमागून येणाऱ्या गळापासून डोळेही वाचत नाहीत. सोबत लांब नाकाची पक्कड आणि साधा थर्मामीटर ठेवा. उन्हाळ्यात वेडर्स (पाणी आत न येऊ देणारी उंच पॅंट) लागत नाहीत. लवकर वाळणारी पॅंट आणि घोट्याला आधार देणारे वेडिंग बूट पुरेत. रबरी तळाचे घ्या. नमद्याच्या (फेल्टच्या) तळव्यांतून शेवाळ आणि रोग एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात, म्हणून मेरीलँडने 2011 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

फ्लाय: चार पुरेत

दुकानात शेकडो दिसतील. पहिल्या उन्हाळ्यात चार प्रकार घ्या, प्रत्येकी तीन-चार नग.

पहिली क्लाउझर मिनो, चार किंवा सहा नंबरच्या गळावर, चार्ट्रूज (पोपटी)-पांढरी आणि तपकिरी-पिवळी. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या बॉब क्लाउझरने ती 1987 च्या सुमारास सस्क्वेहानाच्या स्मॉलमाउथसाठीच बनवली. गळाच्या दांडीवर बसवलेल्या जड धातूच्या डोळ्यांमुळे ती उलटी पोहते, गळाचं टोक वर राहतं आणि खडकांत कमी अडकतं. थांबली की नाक खाली करून बुडते, ओढली की उसळते. जखमी बारका मासा असाच हलतो.

दुसरी वूली बगर, काळी किंवा ऑलिव्ह. हीही याच भागातली. रसेल ब्लेसिंगने 1967 मध्ये हेलग्रामाइटची नक्कल म्हणून ती बांधली. हेलग्रामाइट म्हणजे डॉब्सनफ्लाय या किड्याची काळी, बहुपायी, चावरी अळी. खळाळातला एखादा दगड उलटा करून बघा, बहुतेक दिसेल.

तिसरी क्रेफिशची नक्कल, तपकिरी-नारिंगी. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला बोटभर शेवंड. उन्हाळ्यात स्मॉलमाउथचं पोट भरतं ते मुख्यतः यावर.

चौथा पॉपर, सहा नंबरचा, पिवळा किंवा पांढरा. तरंगणारा, पुढून खोलगट, रबरी पायांचा. पाण्याच्या पृष्ठभागावर मासा घेताना बघण्यासारखं सुख या छंदात दुसरं नाही.

सगळ्या गळांच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडवणं सोपं जातं, आणि गळ स्वतःच्या कानात रुतला तर डॉक्टरकडे जावं लागत नाही.

हिरवळीवरचा सराव

गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा आणि घरामागच्या हिरवळीवर किंवा बागेत जा. तीस फूट लाइन समोर सरळ पसरा, रॉडचं टोक जमिनीजवळ ठेवा. आता रॉड उचलायला सुरुवात करा, आधी हळू, मग वेग वाढवत, आणि अंगठा कानाजवळ आला की एकदम थांबवा. सगळी ताकद त्या थांबण्यात आहे. हात थांबला की रॉड वाकून सरळ होतो आणि लाइन मागे उलगडत जाते. मान वळवून ती बघा. शेवटचा वाकडा भाग सरळ होत आला की तशीच हळू सुरुवात, वाढता वेग आणि डोळ्यांच्या उंचीवर थांबा. लाइन पुढे उलगडली की रॉड खाली येऊ द्या.

मागे चाबकासारखा कडकड आवाज आला तर तुम्ही थांबला नाहीत, घाई केलीत. लाइन डोक्यावर ढीग होऊन पडली तर मनगट फार मागे गेलंय. जड क्लाउझर असेल तर सगळं आणखी सावकाश आणि रुंद वळणाचं करा, नाहीतर ती रॉडवर आपटते किंवा पाठीत बसते.

रोज पंधरा मिनिटं, दोन आठवडे. रविवारी सलग तीन तास करण्यापेक्षा हे फार बरं. सोबत रोल कास्टही शिका. लाइन समोर पाण्यावर असताना रॉड सावकाश कानापर्यंत आणायचा, मागे लाइनचं लोंबतं पोट तयार होऊ द्यायचं आणि पुढे झटका द्यायचा. काठावर मागे झाडं असतात तिथे हाच उपाय. याचा सराव पाण्यावरच होतो, गवतावर लाइन धरली जात नाही.

पाणी वाचणं

इथे थांबा आणि नीट वाचा.

मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला दोन गोष्टी हव्यात: ताकद न घालवता उभं राहायला जागा, आणि जवळून वाहत जाणारं खाणं. जिथे संथ आणि वेगवान पाणी एकमेकांना भिडतं, तिथे दोन्ही मिळतात. त्या भिडण्याची एक रेघ पाण्यावर दिसते. कधी फेसाचे ठिपके तिच्यावरून सरकतात, कधी एका बाजूला सुरकुत्या आणि दुसऱ्या बाजूला आरशासारखं गुळगुळीत पाणी असतं. अर्धा दिवस फक्त अशा रेघा शोधत काठाने चाललात तरी तो दिवस वाया गेला असं समजू नका.

आता एक पट्टा डोळ्यांसमोर आणा. वर उथळ खळाळ आहे, पाणी गोट्यांवरून आवाज करत येतंय. जिथे तो आवाज मंद होतो आणि तळाचा रंग पिवळट तपकिरीवरून गडद हिरव्यावर जातो, ती पायरी आहे. उथळातून वाहत आलेल्या अळ्या आणि क्रेफिश तिथे खाली पडतात, आणि मासे पायरीच्या पायथ्याशी रांगेत असतात. सकाळी पहिला फ्लाय तिथेच टाका.

पुढे डोह लागतो. त्यात मधोमध मोटारीच्या टपाएवढा खडक आहे. सगळे त्याच्या मागच्या संथ पाण्यात फेकतात. तिथे मासा असतो हे खरं, पण खडकाच्या पुढेही पाण्याची एक गादी तयार होते, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठा मासा तिथे असतो. आधी पुढे, मग दोन्ही कडांना, शेवटी मागे, असा क्रम ठेवा.

डोह संपताना पाणी पुन्हा उथळ होत काचेसारखं पसरतं. दुपारी तिथे काही नसतं. सूर्य डोंगराआड गेला की तिथेच मासे शिकारीला येतात.

सस्क्वेहानात खडकाच्या लांबलचक कडा पात्रात आडव्या धावतात. दोन कडांच्या मधल्या घळीत मासा, हे तिथलं सूत्र. डेलावेअरमध्ये काही ठिकाणी गोट्यांच्या जुन्या व्ही आकाराच्या रांगा दिसतात. त्या वाम माशांसाठी रचलेल्या बंधाऱ्यांच्या आहेत. व्हीच्या टोकातून वेगाने निघणाऱ्या पाण्याच्या दोन्ही बाजू तपासा. काठावर झाडाची सावली पाण्यावर पडली असेल आणि खाली दोन-तीन फूट खोली असेल, तर भर दुपारीही तिथे पॉपर टाकायला हरकत नाही.

पहिल्या वर्षी जागा बदलत राहू नका. फ्रेंचटाउन ते स्टॉकटनच्या दरम्यान न्यू जर्सीच्या बाजूने रूट 29 नदीला लागून जातो आणि उतरायला जागा आहेत. त्यातला अर्ध्या मैलाचा एक पट्टा निवडा आणि पाणी कमी असताना, जास्त असताना, पहाटे, संध्याकाळी तोच बघा. ऑगस्टअखेर पाणी उतरलं की उघडे पडलेले खडक फोनमध्ये टिपून ठेवा. पुढच्या जूनमध्ये ते पाण्याखाली असतील आणि कुठे फेकायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

पाण्यात उतरताना

निघण्यापूर्वी यूएसजीएस या अमेरिकी सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या जागेजवळच्या मापकाचा आकडा बघा. पाण्याची उंची आणि दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते तिथे दिसतं. पाणी चढत असेल किंवा चहासारखं गढूळ असेल तर घरी थांबा. डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही खाली येतो.

पाय उचलून टाकू नका, तळावरून सरकवा. प्रवाहाला कूस द्या आणि काठीचा आधार घ्या. मांडीच्या वर पाणी आलं की मागे फिरा. पडलात तर पाय पुढे, पाठीवर तरंगत उथळाकडे जा. वेगवान पाण्यात उभं राहायची धडपड केली तर पाय खडकात अडकू शकतो. हॅरिसबर्गजवळच्या डॉक स्ट्रीट डॅमसारख्या कमी उंचीच्या बंधाऱ्यांपासून लांबच राहा. दिसायला तो किरकोळ वाटतो, पण त्याच्या पायथ्याशी उलटं फिरणारं पाणी माणसाला सोडत नाही, आणि तिथे माणसं बुडाली आहेत. डेलावेअरच्या मुख्य पात्रात आडवं धरण नाही, पण लंबरव्हिल आणि लॅम्बर्टव्हिल इथल्या विंग डॅमच्या, म्हणजे दोन्ही काठांकडून पात्रात येणाऱ्या अर्धवट बंधाऱ्यांच्या, मधल्या फटीतून वाहणारं पाणी तितकंच दांडगं आहे. गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर. ग्रॅफाइटचा रॉड विजेला रस्ता देतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड शोधा. या भागात लाइम रोग सर्रास होतो.

फ्लाय चालवणं

पॉपर रेघेच्या संथ बाजूला टाका. पाण्यात पडला की वर्तुळं उठतात. ती पूर्ण विरेपर्यंत काही करू नका. हे वाट बघणं सगळ्यात अवघड असतं. मग रॉडचं टोक खाली ठेवून लाइन एकदाच छोटी ओढा, डुबुक आवाज येईल. पुन्हा थांबा. रबरी पाय थरथरत असतात, आणि बहुतेक वेळा मासा याच स्तब्धतेत येतो. कधी स्फोट झाल्यासारखा, कधी पॉपर नुसता खाली शोषला जातो आणि एक बुडबुडा उरतो. मोठा मासा पुष्कळदा दुसऱ्या प्रकारे घेतो.

क्लाउझर प्रवाहाला आडवी, किंचित खालच्या दिशेला टाका. तीन-चार आकडे मोजत बुडू द्या. रॉडच्या हाताच्या तर्जनीखाली लाइन धरा आणि दुसऱ्या हाताने सहा ते बारा इंच ओढत, मध्ये थांबत आणा. ओढ आणि थांबा यांची लय बदलत राहा. दाणका बहुधा थांबल्यावर बसतो.

बगर आणि क्रेफिश वरच्या दिशेला टाकून तळाशी प्रवाहाबरोबर मोकळे वाहू द्या. रॉड उंच धरून फक्त ढील गोळा करत राहायचं. लाइन मध्येच अडखळली तर खडक समजू नका, ओढा.

सगळ्यांना एकच नियम: मासा घेतो तेव्हा रॉड वर उचलायचा नाही. हातातली लाइन जोरात मागे ओढायची, आणि वजन लागलं की मग रॉड. ट्राउटवरून आलेल्यांना ही सवय लावायला वेळ लागतो, नवख्याला ती पहिल्या दिवसापासून लागते.

मासा लागल्यावर

स्मॉलमाउथ आधी तळाकडे धावतो, मग उसळी मारतो. उसळी मारताना रॉड किंचित खाली करून ढील द्या, तो खाली गेला की पुन्हा ताण. रॉड आडवा धरून त्याला प्रवाहाबाहेर, संथ पाण्यात वळवा. लवकर आणा. जास्त दमवलेला मासा सोडल्यावरही मरतो.

हात ओला करा. अंगठा खालच्या ओठाच्या आत, तर्जनी बाहेर. दातांचा फक्त खरखरीतपणा जाणवतो. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. जबड्यावर लटकवून धरू नका. फोटो हवा असेल तर फोन आधीच तयार ठेवा, मासा पाण्यावर उचला, टिपा आणि परत खाली. पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरा. काही क्षण कल्ले उघडमीट करतात, मग शेपटीचा एक फटका मनगटावर बसतो आणि तो गेलेला असतो.

खाता येतो का, हे मराठी घरात हमखास विचारलं जातं. येतो, मांस पांढरं आणि चवीला चांगलं. पण पारा आणि पीसीबी या कारखान्यांतल्या विषारी रसायनांमुळे या नद्यांतले मासे महिन्यातून किती खावेत यावर राज्य सरकारांच्या सूचना आहेत, लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी तर आणखी कडक. त्यात वाढ इतकी सावकाश. मी सगळे सोडतो आणि तुम्हीही सोडावेत असं मनापासून वाटतं. जेवणासाठी बाजारात सुरमई मिळते.

पाणी ऐंशी अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सत्तावीस सेल्सिअसच्या आसपास गेलं तर पहाटेच जा किंवा जाऊ नका, माशाला श्वास पुरत नाही. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत संध्याकाळी मेफ्लाय या पांढऱ्या पंखांच्या किड्यांचे थवे पाण्यावर उतरतात, तेव्हा बारा नंबरची पांढरी कोरडी (पाण्यावर तरंगणारी) फ्लाय जवळ असू द्या. सप्टेंबरमध्ये शॅड या माशाची बोटभर पिल्लं डेलावेअरमधून समुद्राकडे निघतात आणि बास त्यांच्या मागे लागतात. पॉपर तेव्हा डबीतच ठेवा आणि सबंध दुपार पांढरी क्लाउझर चालवा.